पाच पायांचा बैल

पत्र :

बाई, नमस्कार. मी ५२ वर्षांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत वाळूचा साचा उठवायला लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, आम्ही करतो. कामाला चार माणसं. आठ महिन्यांपूर्वी आमचे आबा गेले. आबांचं आणि माझं तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. गावाकडची दोन एकर मी मशीनसाठी विकायला लावली, तिथून बिनसलं. घर एक, जेवायला बसायचं एकाच वेळी, पण बोलणं 'मीठ दे' एवढंच. दवाखान्यात शेवटच्या रात्री मीच जवळ होतो. काहीतरी बोलायचं होतं. त्यांनीच विचारलं, "गाडी कुठं लावलीस?" मी म्हणालो, "गेटाजवळ." तेवढंच झालं. पहाटे गेले. मला रडू आलं नाही. रक्षाविसर्जन, दिवस, पाहुणेरावळे सगळं मीच बघितलं. अजूनही आलेलं नाही.

मे महिन्यात माझी धाकटी, सात वर्षांची, सोप्यात रंग घेऊन बसली होती. "पप्पा, तुमी पण काढा की." मी ब्रश घेतला आणि बैल काढला, लालभडक. तिनं बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "पप्पा, ह्याला पाच पाय हाईत." मी हसायला लागलो आणि हसता हसताच घशात काहीतरी अडकलं. पाणी पिऊन येतो म्हणून आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

तेव्हापासून माणसं गेली की शॉपमध्ये पाऊण तास थांबतो आणि रंगवतो. बैल, विहीर, कुणाचे तरी डोळे, कधी नुसते फराटे. अगदी पोराटोरांसारखं. आमच्या कामात रंगाला अर्थ असतो. मशीनिंग होणारा भाग लाल, आतल्या पोकळीसाठीचा गाभा जिथं टेकतो तो कोअर प्रिंट पिवळा, ओतल्यावर आहे तसाच राहणारा भाग काळा. इथं मी कुठलाही रंग कुठंही लावतो. बरं वाटतं. पण कागद ड्रॉइंगच्या रोलमध्ये लपवून ठेवतो. रोजचा उशीर आणि अंगाला थिनरचा वास, त्यामुळं मी 'घ्यायला' लागलोय असा घरी संशय आहे. आईही आबा गेल्यापासून फारशी बोलत नाही.

विचारायचं असं, की हे वेड लागल्याचं लक्षण आहे का? चित्रकलेचा क्लास लावू का? ह्या कागदांचं काय करू? सोबत एक पाठवलाय. किती मार्क द्याल तेही सांगा.

उद्यमनगरातला एक पॅटर्नवाला

उत्तर :

भाऊ,

आधी घरचं मिटवू. तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मला त्या थिनरच्या वासाची काळजी जास्त वाटली. नवरा रोज पाऊण तास उशिरा येतो, अंगाला वास येतो, विचारलं तर तुटक बोलतो. यावरून कुठलीही बाई जे समजेल तेच तुमच्या मंडळी समजल्यात. आज घरी जाताना तो रोल काखेत मारून न्या. जेवणं झाली, पोरगी झोपली, की पुढ्यात उलगडा. आधीच सांगून ठेवा, "काय काढलंय ते विचारू नकोस, नुसतं बघ." त्या हसतील. कदाचित चिडतीलही, "एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लावला हुता व्हय?" म्हणतील. म्हणू द्यात. बाटली लपवणारे नवरे मी आमच्या गल्लीत पुष्कळ बघितलेत, रंग लपवणारा पहिलाच.

आणि शॉपमधलं एनॅमल आणि थिनर या कामासाठी आजपासून बंद. शटर ओढून घेऊन बंद जागेत रोज थिनर हुंगत बसणं डोक्याला आणि छातीला वाईट. तुम्हाला जे बरं वाटतं त्यातलं किती रंगामुळं आणि किती त्या वासामुळं, एवढं तरी कळायला नको का? शाळेतली पोरं वापरतात ते पोस्टर कलर आणा. पाण्यात कालवतात, हात साबणानं निघतात, आणि घरी कुणाला संशय येत नाही.

आता वेडाचं. तुम्ही जे करताय ते आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, फक्त त्याला सणाचं निमित्त लागतं. बेंदराचा दिवस आठवा. शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठिपके, वाटीचा काठ रंगात बुडवून पाठीवर उठवलेले गोल. एरवी पोराशी दोन शब्द न बोलणारा पन्नाशीचा बाप्या त्या दिवशी बैलाच्या पाठीवर गोल उठवत बसतो, मागं सरकून बघतो, मान वाकडी करतो, अजून एक गोल उठवतो. त्याला कुणी विचारत नाही, हे काय चाललंय म्हणून. नागपंचमीला पाटावर गंधाचा नागोबा काढणाऱ्या आजीला कुणी वेडी म्हणत नाही. रंगपंचमीला तर अख्खं गावच रंगात असतं. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र मोठ्या माणसाच्या हातात रंग दिसला, की तो कामाचाच असावा लागतो. भिंत, दुकानाची पाटी, गणपती, नाहीतर तुमचा पॅटर्न. तुम्ही निमित्त नसताना ब्रश उचललात, गुन्हा म्हणायचा तर एवढाच.

'पोराटोरांसारखं' हा शब्द तुम्ही ज्या लाजेनं लिहिलाय ती लाज मात्र थोडी आपल्या गावाची आहे. हे गाव स्वतःला कलापूर म्हणवतं. इथं आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा हे तलाव, तिथला बदलता उजेड जन्मभर रंगवला. इथं बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात शिरले. या लोकांचा हात इतका तयार होता, की नंतरच्या पिढ्यांना चित्र म्हणजे हुबेहूबच वाटायला लागलं. आपल्याकडं पानपट्टीच्या पाटीवरचे शाहू महाराजसुद्धा नाकीडोळी नीटस लागतात. 'अगदी फोटोसारखं' ही आपली सगळ्यात मोठी शाबासकी. मी ड्रॉइंगची बाई, मीही तेच शिकवलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेली माझी पोरं बादली, तांब्या आणि कापडाच्या चुण्या झोपेतसुद्धा काढतील.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हे तुम्हाला सांगायला नको. शाळा परत भरल्या तेव्हा पाचवीच्या वर्गाला मी विषय दिला, 'माझं घर'. असा विषय त्या महिन्यात द्यावा का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अभ्यासक्रमात होता, दिला. प्रयाग चिखलीकडून येणाऱ्या एका पोरानं अख्खा कागद तपकिरी करून आणला. कोपरान्‌कोपरा, जाड, ओला, कागद लोंबत होता. मी म्हणाले, "घर कुठाय ह्यात? रंग वाया घालवलास सगळा." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, घर खाली हाय."

कागद वाळल्यावर मी खिडकीच्या उजेडात धरला. खाली खरंच घर होतं. पेन्सिलीनं काढलेलं, दार, दाराला कडी, कौलं, बाजूला म्हैस. सगळं नीट काढून झाल्यावर त्यानं त्यावर पाणी चढवलं होतं.

मी त्याला तेव्हा काय म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक काहीच म्हणाले नसेन. पण पुढं निवृत्त होईपर्यंत वर्गात "हे काय काढलंयस?" हा प्रश्न मी परत विचारला नाही. "हं, सांग" एवढंच म्हणायचं. सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर पुढच्या बाकाकडं सरकायचं.

त्या पोराला शब्दांत सांगायला लावलं असतं तर तो काय म्हणाला असता? 'पुरात घर गेलं.' ते तर सगळेच म्हणत होते, पेपरात रोज छापून येत होतं. कागदावर त्यानं वेगळंच केलं. घर परत बांधलं, म्हैस परत दावणीला बांधली आणि मग आपल्या हातानं, आपल्याला झेपेल तेवढ्या वेगानं त्यावर पाणी आणलं. पूर त्याच्यावर आला होता. कागदावर मात्र तो कधी आणायचा हे त्यानं ठरवलं. खेळात हेच होतं. बाहुलीला इंजेक्शन टोचणारी पोरगी आदल्या दिवशी दवाखान्यातून रडून आलेली असते.

म्हणून तुमचं 'पोराटोरांसारखं' मला अडचणीचं वाटत नाही, उलट सोयीचं वाटतं. पोरांच्या चित्रांत रस्त्याच्या दोन्ही कडची झाडं आडवी झोपलेली असतात. भिंत असते आणि भिंतीतून आत चुलीपुढं बसलेली आजीही दिसते. आवडतं मांजर घरापेक्षा मोठं असतं. सकाळचा सूर्य आणि रात्रीचा चंद्र एकाच आभाळात. आम्ही बाया यावर लाल पेन चालवायचो. पण ज्याच्या मनात आतलं आणि बाहेरचं, तेव्हाचं आणि आत्ताचं एकात एक मिसळलंय, त्याला याहून सोयीची भाषा कुठली? हुबेहूब काढायला बसलात तर आबांचं नाक जमतंय की नाही यातच रात्र जाईल.

पत्रातल्या एका वाक्याशी मी बराच वेळ थांबले. "गाडी कुठं लावलीस?" आपल्याकडच्या बापांची माया सरळ येत नाही. ती "जेवलास का" मधून येते, "एवढ्या रात्रीचं कुठं फिरतोस रं" मधून येते, जास्तच झाली तर शिवीतून येते. तीन वर्षं मिठापलीकडं न बोललेल्या बापानं शेवटच्या रात्री पोराची चौकशी केली आणि पोरानं नीट उत्तर दिलं. 'तेवढंच झालं' असं तुम्ही लिहिलंय. मी ते 'तेवढं झालं' असं वाचलं. यानं दोन एकराचं दुखणं मिटलं असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या दोघांचं होतं आणि आता तुमच्या एकट्याकडं राहिलंय. पण काहीच बोलणं झालं नाही, हा हिशेब मला पटत नाही.

राहिलेलं बोलणं चित्रातून आबांपर्यंत पोचेल का, असं मनात असेल तर तसं काही होत नसतं. आणि चित्राचा अर्थ लावत बसू नका. लाल बैल म्हणजे आबा, पाचवा पाय म्हणजे तुम्ही, असलं मी काही सांगणार नाही. दुसरं कुणी सांगायला लागलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मोबाइलवर हल्ली तक्तेच फिरतात, काळा म्हणजे निराशा, निळा म्हणजे शांती. तुम्हाला त्याचा मोह जास्त पडेल, कारण तुमच्या धंद्यात रंग हा हुकूम असतो. लाल दिसला की मशीनवाला तिथं घासणार. इथं लाल दिसला म्हणून कुणाला काही करायचं नाही, तुम्हालाही नाही. मला वाटतं तुम्हाला जो मोकळेपणा आला तो इथूनच आला. तीस वर्षं रंगानं दुसऱ्याला सूचना दिल्या, आता पहिल्यांदाच तो नुसता रंग आहे.

रवींद्रनाथ टागोरांचं मला यात नेहमी आठवतं. कवितांच्या वह्यांत ते जे शब्द खोडायचे, त्या खाडाखोडी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून चोची, माना, विचित्र जनावरं तयार व्हायला लागली. साठी ओलांडल्यावर ते खऱ्या अर्थानं चित्रांकडं वळले आणि १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचं पॅरिसमध्ये प्रदर्शन झालं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं. शब्दांची ज्याला कधी वानवा नव्हती अशा माणसालासुद्धा खोडलेल्या शब्दांचं काहीतरी करावंसं वाटलं. तुम्ही-आम्ही तर 'गेटाजवळ'वाले.

तुम्ही मापात काम करणारे, म्हणून एक मापाचीही गोष्ट सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं माती, स्केचपेनं, चिकटकामाचे कागद देऊन मनाला येईल ते करायला सांगितलं आणि आधी व नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताण आला की शरीरात वाढतं ते हे संप्रेरक. सुमारे ७५ टक्के लोकांचं ते उतरलं आणि ज्यांना चित्रकला येत होती त्यांचं जास्त उतरलं असंही नव्हतं. माणसं थोडी होती, आणि तुलनेला नुसता बसवून ठेवलेला दुसरा गट नव्हता, तेव्हा याला फार डोक्यावर घेऊ नका. शंभरातल्या पंचवीस जणांचं उतरलं नाही, हेही त्यातच आलं. पण पाऊण तासाशी तुमचा पाऊण तास जुळला याची मला गंमत वाटली.

क्लास लावू नका. निदान एक वर्ष तरी नाही. क्लासमध्ये माझ्यासारखी कुणीतरी असणार आणि ती पहिल्याच दिवशी बैलाचे पाय मोजणार.

त्यापेक्षा असं करा. जुन्या ड्रॉइंगच्या प्रिंट पडून असतील, त्यांच्या कोऱ्या बाजू वापरा. चांगला महाग कागद आणलात की हात आखडतो. कागद टेबलावर नको, फरशीवर पसरा आणि मांडी घालून बसा. पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कंपास यांतलं काही जवळ ठेवू नका. ब्रश जाड घ्या, भिंतीचा दोन इंची असला तरी चालेल. एका संध्याकाळी तीनच रंग. आणि ब्रश डाव्या हातात धरा. तुमचा उजवा हात अर्ध्या मिलिमीटरचा धनी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आटते म्हणून पॅटर्न शंभराला एक वाढवायचा, वाळूतून निघताना साचा फुटू नये म्हणून कडेला उतार ठेवायचा, हे त्या हातात इतकं मुरलंय की फराटा मारतानाही तो माप घेईल. डाव्याला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही डावरे असाल तर उलटं करा. अर्धा तास झाला की उठा, बैल अर्धा राहिला तरी उठा.

काय काढायचं ते मी सांगणार नव्हते, पण एक नजरेला आलं. तुमच्या यादीत विहीर आहे, शेत नाही. काढाच असं नाही. पण कधी हात तिकडं वळलाच तर ते दोन एकर वरून बघितल्यासारखे काढा, पोरं काढतात तसे. बांध, पाट, बांधावरची झाडं आडवी झोपलेली. कुठल्या बांधाला काय होतं हे तुमच्या डाव्या हाताला आठवतंय का बघा.

रडू येईल, नाहीतर येणारही नाही. आठ महिन्यांत आलं नाही म्हणून तुमचं काही चुकलेलं नाही. नळ सोडून उभं राहणं हेही मी त्यातच धरते.

मुलीबरोबर रंगवणं सोडू नका. एक खेळ सांगते. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडात मुलांचे डॉक्टर होते, मनोविश्लेषकही होते. मुलगा बोलत नसला की ते कागदावर एक वेडीवाकडी रेघ मारायचे आणि मुलाला सांगायचे, याचं काहीतरी कर. मग मुलगा रेघ मारायचा आणि डॉक्टर तिचं काहीतरी करायचे. एकदा तू, एकदा मी. त्यांना त्यातून मुलाच्या मनाकडं जायचं असायचं. तुम्हाला कुठंच जायचं नाही, नुसतं खेळायचं. रेघेचं बदक झालं तर बदक, जिलबी झाली तर जिलबी. मात्र तुमच्या मनातलं ओझं काढायची जागा म्हणून त्या पोरीकडं बघू नका. तुमचे डोळे भरले आणि तिनं विचारलं तर सरळ सांगा, "आबांची आठवण आली." सात वर्षांच्या पोरीला एवढं पुरतं आणि खोटं बोललेलं लगेच कळतं. तिचेही आबा गेलेत, हे विसरू नका.

आईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती मला टोचली. त्या आधी दारात रांगोळी काढत होत्या का? आता बंद झाली असणार. सुतक फिटलं तरी पुष्कळ घरांत नवरा गेल्यावर बाईच्या हातातली रांगोळी जाते ती जातेच, कुणी 'नको' म्हणत नाही आणि 'काढ'ही म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याचं नाव देशभर झालं. उंबऱ्याच्या आतले असे बारीक ठराव मात्र ज्याचे त्यालाच करावे लागतात. एखाद्या संध्याकाळी तुम्ही आणि पोरगी रंगवत असताना एक कागद आणि एक ब्रश आईंच्या बाजूला ठेवून द्या. आग्रह करू नका, "आई, तू पण काढ" सुद्धा म्हणू नका. पोरगी काय ते म्हणेल. तिला ते जमतं, तुमच्यावरून दिसतंच आहे. त्या ठिपके मांडायला लागल्या तर मोजू नका.

एक गोष्ट थोडक्यात, पण गंभीरपणे. झोप उडाली, जेवण तुटलं, कामात हात चालेना, खरोखरच 'घ्यावीशी' वाटायला लागली, किंवा जगून काय करायचं असं मनात यायला लागलं, तर रंगांवर भिस्त ठेवायची नाही. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर, दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. फौंड्रीत हात भाजला तर तुम्ही मलम लावून घरी बसत नाही, तसंच हे.

कागदांचं काय करायचं? मागं तारीख घाला, नाव देऊ नका आणि सपाट ठेवा. गुंडाळी केली की पोस्टर कलरचे पापुद्रे सुटतात. फ्रेम नको. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला तर मुळीच नको. तिथं अंगठे आले की ते मार्कच, आणि उद्या हात अंगठ्यांसाठी रंगवायला लागेल. कधी नकोसे झाले तर फाडा, तुमचेच आहेत. पंचगंगेत मात्र सोडू नका, तिला आधीच खूप झालंय.

तुमचं चित्र परत पाठवतेय. मार्क दिलेले नाहीत. पाकिटात चार घड्या घातल्यामुळं बैलाच्या पाठीवरचा रंग उडालाय, तेवढा परत लावून घ्या, पूर्वीचाच लाल मिळाला पाहिजे असं नाही. आणि सवय जात नाही म्हणून पाय मीही मोजले. मला सहा दिसले, पण त्यातली एक शेपूट असेल.

बाई